उताराला उभा राहणारा पोचू

परवा तालुक्याच्या गावी गुणवंतरावाचा सत्कार झाला. मांडव घातला होता, खांबांना आंब्याची पाने बांधली होती, आणि कोणा एका साहेबाने उभे राहून पाऊण तास सांगितले की माणसे कशी वागवावी आणि काम कसे करून घ्यावे, हे गुणवंतरावाकडून शिकावे. आवाज करडा पाहिजे, म्हणाला. वेळ पाळता आली पाहिजे, म्हणाला. हाताखालच्या माणसाला वचक पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण मला पहिल्या रांगेत बसवले होते. घरी आलो आणि रांजणातले पाणी घेऊन तीनदा चूळ भरली. तोंडाची चव गेली नाही.

त्या मांडवात पोचूचे नाव कोणी घेतले नाही. पोचू दोन वर्षांमागे गेला. त्याच्या गावाबाहेर ती खबरही कोणाला लागली नाही. त्याच्यावर कोणी भाषण करणार नाही, म्हणून मी लिहितो. मी शाळेत गेलेलो नाही. ओंडक्याच्या कापल्या तोंडावर जंगलखात्याचा हातोडा जी अक्षरे आणि जे आकडे उठवतो, त्यांवर बोट फिरवून मी अक्षर शिकलो, आणि पक्के शिकलो. साहेबाला पाऊण तासात जे सांगता आले नाही ते मला सांगता येते.

बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. चांदा जिल्ह्याच्या दक्षिणेला, जिथे सागवन इतके दाट की दुपारीही खाली हिरवा अंधार असतो, तिथे जामगोट्याला एका ठेकेदाराचा लाकडाचा डेपो होता. रान तोडून मोकळी केलेली पाच-सहा एकर जमीन, तिच्यावर ओंडक्यांच्या राशी, मधोमध एक जुने मोहाचे झाड, आणि लाल मातीची वाट. त्या वाटेने ट्रक यायचे, आणि ते भरायचे काम आमच्या टोळीचे होते.

ट्रक भरायचा म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. दोन जाड बल्ल्या, म्हणजे लाकडाचे लांब सोट, जमिनीवरून ट्रकाला टेकवायच्या. तो झाला उतार. त्या उतारावरून सागाचा ओंडका लोटत लोटत वर चढवायचा. चार माणसे ट्रकावर उभी राहून दोर ओढतात, आठ माणसे खालून खांदा लावतात. कडेची माणसे वेळ आली तर बाजूला उडी मारू शकतात. मधल्या दोघांना उडी मारायला जागा नसते. ओंडका अर्ध्यावर असताना बारा जणांचा श्वास एका वेळी सुटला पाहिजे. एक जण अगोदर सुटला किंवा एक जण मागे राहिला, तर सागवन कोणाची ओळख ठेवत नाही.

हा श्वास एक करण्यासाठी टोळीत एक तेरावा माणूस असतो. तो खांदा लावत नाही. तो हाळी देतो. आमच्या टोळीचा तेरावा म्हणजे पोचू.

पोचू नदीपलीकडच्या रानगावचा गोंड. अंगाने किरकोळ, रंगाने जांभळाच्या लाकडासारखा, बोलायला कंजूष. डाव्या हाताची दोन बोटे नव्हती. तरुणपणी तोही खांदा लावणाऱ्यांत होता, तेव्हा ती गेली होती. त्याची हाळी म्हणजे गाणे नव्हते आणि ओरडणेही नव्हते. आधी एक लांब सूर यायचा, जमिनीतून निघाल्यासारखा, आणि त्या सुरात तो आमची नावे ओवायचा. "सोमाजी, टाच... इसरू, दम धर... भैयाजी, मान खाली..." भैयाजी म्हणजे मी. आणि मग अचानक एक आखूड आवाज, कुऱ्हाड लाकडात बसते तसा, आणि त्या आवाजावर ओंडका हातभर वर गेलेला असायचा. आपण तो उचलला हे आपल्याला नंतर कळायचे.

हाळी देणाऱ्याचा आमच्याकडे एक नियम होता. तो बाजूला उभा राहत नाही, ट्रकावरही उभा राहत नाही. तो उताराला उभा राहतो. खांदा लावणाऱ्यांच्या पाठीमागे, बरोबर मधोमध, ओंडका निसटला तर ज्या वाटेने येईल त्या वाटेवर. तिथून सगळ्यांचे पाय दिसतात. पोचू ओंडक्याकडे कधी पाहत नसे. तो पायांकडे पाही. आणि त्या जागी उभा असलेला माणूस घाईने "उचला" म्हणत नाही, कारण चूक झाली तर ती त्याच्याही छातीवर येणार असते.

सकाळी काम सुरू होण्याआधी तो चंची काढायचा आणि तंबाखूला चुना लावून प्रत्येकाच्या तळहातावर स्वतःच्या हाताने चिमूट ठेवायचा. आम्हाला वाटे, गडी प्रेमळ आहे. तो हाताला हात लावून पाहत असे, कोणाला ताप आहे, कोणाचा हात मोहाच्या दारूने थरथरतो, कोणी रात्रभर जागला आहे. मग काही न सांगता म्हणायचा, "सोमाजी, तू आज दोरावर जाय," किंवा "इसरू, आज कडेले." कारण सांगायचा नाही. कारण सांगितले असते तर चार लोकांत माणूस खजील झाला असता.

एकदा सकाळी दव फार पडले होते आणि साल निसरडी झाली होती. पोचूने हाळी दिली नाही. ट्रक उभा, आम्ही उभे, ऊन वर यायची वाट पाहत. ट्रकवाल्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या. पोचूने सगळ्या पिढ्या शांतपणे ऐकून घेतल्या.

"झाल्या का भाऊ शिव्या?" तो म्हणाला. "मंग पानी पिऊन घ्या. घसा सुकला असंन."

आणखी एक. एका दुपारी त्याने हाळी जरा लवकर दिली आणि सोमाजीचा खांदा लचकला. आम्हाला कोणाला कळलेही नसते. जेवायला बसलो तेव्हा पोचू उभा राहून म्हणाला, "आज चूक माही होती. तुमची नाई." आणि बसून जेवू लागला. एवढेच. त्यानंतर किती मेट, म्हणजे मुकादम, पाहिले, किती साहेब पाहिले. हे एवढे चार शब्द मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकले नाहीत.

अकरा वर्षे त्याने हाळी दिली. अकरा वर्षांत त्या टोळीत कोणी मेला नाही, कोणाचा पाय मोडला नाही. आणि आमची नजर इतकी आंधळी, की काहीच घडत नाही म्हणून आम्हाला वाटू लागले, हा माणूस काहीच करत नाही.

"आपुन बारा जन मरून राह्यलो," सोमाजी म्हणायचा, "अन् हा उभा. पुतळा हाय का मानूस?"

"लय जड काम हाय बापा त्याचं," इसरू म्हणायचा. "तोंड उचला लागते त्याले."

सगळे हसायचे. इसरू नुकता लग्न झालेला, उंचपुरा, हसला की आख्खा डेपो हसावा असा. आणि सगळ्यांत कडू बोललो ते मी. मी म्हटले, "देवाले बी निवद लागते, पन देव कदी लठ्ठा उचलत नाई." पोचू चार हातांवर बसून दोराला गाठ मारत होता. त्याने ऐकले. तो थोडासा हसला. त्या हसण्याची आज मला शिसारी येते. त्याची नाही, माझी.

मार्गशीर्षात गुणवंतराव मेट म्हणून आला. ठेकेदाराचा साडू. वरोऱ्याकडचा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. मनगटावर घड्याळ, गळ्यात दोरीला बांधलेली चकचकीत शिटी, आणि मागे एका गड्याच्या डोक्यावर हाताची खुर्ची. ती खुर्ची मोहाखाली ठेवली गेली. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला समोर बसवले आणि म्हणाला, "मी तुमच्यासाठी आलो आहे. कोणाची काही तक्रार असेल तर मोकळेपणाने सांगा."

आमच्या जन्मात आम्हाला हे कोणी विचारले नव्हते. प्यायचे पाणी दीड कोसावरून आणावे लागे, ते आम्ही सांगू शकलो असतो. बल्ल्या जुन्या झाल्या होत्या, ते सांगू शकलो असतो. आम्ही काय सांगितले? आम्ही पोचूची तक्रार केली. आणि आमच्यातर्फे बोललो मी, कारण माझी जीभ चालते असे मला नेहमी वाटत आले आहे.

"हा काय काम करतो?" गुणवंतरावाने विचारले.

"हाळी देते."

"म्हणजे ओरडतो?"

"हो भाऊ."

"आणि उचलत नाही?"

"नाई."

गुणवंतराव मोठ्याने हसला. त्याने शिटी दोन बोटांत धरून वर केली. "ओरडायला ही आहे. उद्यापासून पोचूही खांदा लावेल."

पोचू उठला. हात जोडून उभा राहिला. "बरं भाऊ," म्हणाला. मग त्याने एवढेच विचारले, "उताराले कोन उभा राहीन?"

"उताराला कशाला? मला इथून सगळं दिसतं." आणि गुणवंतराव खुर्चीत मागे रेलला.

मोहाखालून पाय दिसत नाहीत. तिथून फक्त पाठी दिसतात.

सुरुवातीला सगळे छान चालले, हे सांगितले नाही तर मी खोटा ठरेन. शिटीवर काम भरभर होऊ लागले. दिवसाला तीन ट्रक भरायचे तिथे चार भरू लागले. गुणवंतराव पाठीवर थाप मारायचा, "शाबास वाघांनो" म्हणायचा. आम्ही फुगलो. सकाळची तंबाखू बंद झाली, कारण तिच्यात वेळ जातो. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे उभे राहायचे. कोणी कोणाचे नाव घ्यायचे नाही. शिटीला नावे घेता येत नाहीत. पोचू आमच्यात उभा राहून मुकाट्याने खांदा लावायचा. पन्नाशीला टेकलेला माणूस, दुपारी त्याचे गुडघे कापायचे ते मला दिसायचे. दिसायचे आणि बरे वाटायचे. हो, बरे वाटायचे. लिहितो म्हटल्यावर लिहिलेच पाहिजे.

फाल्गुनात, रानात पळस पेटलेला होता तेव्हा, एक मोठा ओंडका आला. दोन माणसांच्या कवेत न मावणारा. तो अर्ध्या उतारावर होता. पोचू मधल्या जागी होता, त्याच्या शेजारी मी. गुणवंतरावाने शिटी फुंकली, आणि त्याच क्षणी आमच्या कानाजवळ डावी बल्ली बोलली. "कट्" असा बारीक आवाज. सुपारी फोडावी एवढा. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. खालच्या आठांनी, शेजारी उभ्या असलेल्या पोचूने, आणि ट्रकावर वाकलेल्या चौघांनीही. पण शिटी वाजत होती आणि आम्ही जोर लावायला गुडघे वाकवले होते.

तेव्हा पोचूने हाळी दिली. तीन महिन्यांनी पहिल्यांदा. ओंडक्याला खांदा लावलेला असतानाच जमिनीतून निघाल्यासारखा तो सूर आला, आणि आमचे पाय आमच्या डोक्याला न विचारता थांबले. "सोमाजी, पाचर लाव... इसरू, दम धर... दोर ढिला नोका करू बापा..." गुणवंतराव खुर्चीवरून उठून पिसाटल्यासारखा शिटी फुंकत होता. एकाही माणसाने ती ऐकली नाही. हातहात, बोटबोट करत आम्ही तो ओंडका खाली उतरवला. जमिनीला टेकला तेव्हा रानात पाखरू बोलत नव्हते.

गुणवंतराव धावत आला. "कोणी थांबवलं?"

"म्या," पोचू म्हणाला. "बल्ली तडकली भाऊ. बदलाले पाहिजे."

गुणवंतरावाने वाकून पाहिले. बल्लीच्या अंगावर केसासारखी एक रेघ होती. "ही? असल्या भेगा सगळ्याच वाळल्या लाकडाला असतात." मग तो आमच्याकडे वळला. "तुमच्यापैकी कोणी ऐकलं तडकल्याचं?"

त्याने सोमाजीकडे बोट केले. सोमाजी आपल्या पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. त्याने इसरूकडे बोट केले. इसरू दुसरीकडे पाहू लागला. मग बोट माझ्याकडे आले.

"शिटीच्या आवाजात काई आयकू आलं नाई भाऊ," मी म्हणालो.

पोचूने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. सकाळी तळहातावर तंबाखू ठेवताना पाहायचा तसे, या गड्याला काय झाले आहे ते समजून घेत असल्यासारखे.

"उद्यापासून हा दिसता कामा नये," गुणवंतराव म्हणाला.

त्या बल्लीखालून आम्ही बारा जण धडधाकट पायांनी चालत जेवायला गेलो. काही झालेच नव्हते, तर त्याला सांगणार काय? कोणाचे रक्त सांडले असते तर दाखवता आले असते. पोचूने आपले गाठोडे बांधले, दोर व्यवस्थित गुंडाळून ठेवला आणि नदीच्या वाटेला लागला. त्या दिवशी भात उकडतानाचा वास येत होता, तो मला आजही सहन होत नाही.

बल्ली बदलली गेली, गुपचूप. पण बल्ली बदलून भागत नसते.

चैत्र लागला. एका सकाळी इसरू मधल्या जागी उभा राहिला. कोणी उभा केला नाही, ती जागा रिकामी होती म्हणून. शिटी वाजली. अकरा जणांनी जोर लावला, बाराव्याने लावला नाही. ओंडका मधोमध बसला आणि वीतभर मागे सरकला. फक्त वीतभर. तेवढ्या वितीत इसरूचा गुडघा होता.

त्याच ट्रकात घालून त्याला चांद्याच्या दवाखान्यात नेले. पाय गुडघ्यापासून कापावा लागला. गुणवंतराव म्हणाला, "दारू पिऊन आला असेल." इसरू दारूला शिवत नव्हता, हे आम्हाला अकरा जणांना ठाऊक होते. आम्ही अकरा जणांनी माना हलवल्या.

त्यानंतर शिटी वाजायची आणि ओंडके हलायचे नाहीत. आम्ही काम नाकारले नाही, एवढी हिंमत आमच्यात नव्हती. अंगातच भीती बसली होती. जो तो शेजाऱ्याच्या आधी जोर लावायला घाबरत होता. दिवसाला दोन ट्रक भरणे कठीण झाले. ठेकेदार यायचा होता. तेव्हा गुणवंतरावाने मला आणि सोमाजीला बोलावले.

"त्या पोचूला घेऊन या," म्हणाला. "सांगा, मी मागचं विसरलो."

विसरलो, म्हणाला. जणू विसरणे त्याच्याकडे होते.

आम्ही पहाटे निघालो, दगडांवरून नदी ओलांडली, आणि उन्हे चढल्यावर पोचूच्या गावी पोचलो. त्याच्या अंगणात मोहफुले वाळत घातली होती, सगळा वारा गोड झाला होता. पोचू सावलीत बसून बांबूच्या कमच्यांची टोपली विणत होता. त्याची बायको सोनीबाई फुले पालटत होती. तिने आम्हाला पाहिले आणि कंबरेवर हात ठेवला.

"आले काय शिटीवाले? बसा. का कोनी शिटी वाजवल्याबिगर बसता बी येत नाई तुमाले?"

"राहू दे सोनी," पोचू म्हणाला. "चालून आले ते. पानी दे."

पाणी प्यालो. मी गुणवंतरावाचा निरोप सांगितला. पोचूने तो ऐकला की नाही, कळले नाही. त्याने विचारले, "इसरू कसा हाय?"

"जिता हाय. पाय गेला."

त्याच्या हातातली कमची थांबली. "मधी काऊन होता तो?"

"जागा खाली होती."

"ताप होता त्याले?"

सोमाजीने माझ्याकडे पाहिले, मी सोमाजीकडे. होता. तीन दिवस होता. ते आम्हाला पुढे इसरूच्या बायकोकडून कळले. पण त्या वेळी एका हंड्यातले जेवणाऱ्या आम्हा अकरा जणांना ते ठाऊक नव्हते.

"मालूम नाई," मी म्हणालो.

"हात लावून नाई पाह्यला कोनं?"

सोनीबाई फुले पालटायची थांबली होती. मला वाटले, आता ती काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरे झाले असते.

पोचूने कमची मांडीवर ठेवली आणि तो म्हणाला, "मी येतो."

सोमाजीचे तोंड उजळले. तो उठायलाच लागला.

"बस," पोचू म्हणाला. "आंधी एक काम करा. त्या दिशी बल्ली बोलली ते तुमी सगळ्यायनं आयकलं. तुमी अकरा जन गुनवंतरावापाशी जा अन् सांगा, हो, आमी आयकलं होतं. बस. माही तारीफ नोका करू. माफी नोका मागू."

"आता सांगून काय फायदा पोचूभाऊ?" सोमाजी म्हणाला. "इसरूचा पाय काई परत येनार नाई."

"इसरूचा नाई. तुमचे बाकी हायेत." तो पुन्हा कमची वळू लागला. "मी उताराले उभा राह्यतो तं मले तुमचे पाय दिसते. पन आंगात काय चालून राह्यलं ते तुमी बोलले तरच कळते. ज्या टोळीले आयकलेलं बोलता येत नाई, तिले हाळी देऊन काय करू? मी तुमाले मारीन. माह्या आवाजावर तुमी मरान. मले ते नाई पाहिजे."

तो एवढे सलग बोललेला मी कधी ऐकले नव्हते.

परतताना सोमाजी आणि मी सगळे ठरवून आलो. डेपोवर आल्यावर बाकीच्या नऊ जणांना सांगितले. सगळे कबूल झाले. कोणी म्हणाले, आता भिऊन काय होते. कोणी म्हणाले, इसरूसाठी एवढे तर केलेच पाहिजे. जामगोट्याच्या डेपोत त्या संध्याकाळी अकरा माणसे होती, असे मला वाटले.

सकाळी आम्ही मोहाखाली गेलो. गुणवंतराव खुर्चीत बसून चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

"काय म्हणतो पोचू?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बोलायचे ते मीच. आणि तेवढ्या वेळात माझ्या मनाने पुढचा सगळा हिशेब केला. आम्ही ऐकले होते म्हटले की गुणवंतराव विचारणार, मग तेव्हा का बोलला नाहीत? तेव्हा बोललो असतो तर पोचू गेला नसता. पोचू गेला नसता तर त्या सकाळी इसरूच्या तळहाताला त्याचा हात लागला असता. म्हणजे तो पाय ओंडक्याने घेतला नव्हता. तो आम्ही घेतला होता, आणि सगळ्यांत आधी मी. हे एवढे मोठे लाकूड मला एकट्याने उचलायचे होते, आणि माझ्यामागे उताराला कोणी उभे नव्हते.

"मोहाचे दिवस हाय म्हने," मी म्हणालो. "येत नाई."

माझ्या बाजूला सोमाजीने श्वास सोडला. सुटल्याचा श्वास. तो मला ऐकू आला, कारण माझाही तसाच सुटला.

"नाही तर नाही," गुणवंतराव म्हणाला. "रानातल्या माणसाला काय कळणार!" त्याने मला नीट न्याहाळले. "तुला आकडे वाचता येतात ना रे भैयाजी? बोलतोसही बरा. मला ठेकेदाराबरोबर फिरावं लागणार. आजपासून हे तू सांभाळ."

त्याने गळ्यातली दोरी काढली आणि शिटी माझ्या हातात दिली. ती गरम होती, आणि तिच्या तोंडाला त्याच्या चहाची ओल लागली होती. मी ती धोतराच्या सोग्याला पुसली, दोनदा पुसली. ओंडक्यापाशी दहा जण जाऊन उभे राहिले होते, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. मोहाखालून मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. मी शिटी तोंडात घातली आणि फुंकली.